डीएनएस संदेशांचा एन्कोडर-डीकोडर : कामाच्या नोंदी

आमची एक छोटी नेटवर्क लायब्ररी आहे, पायथनमध्ये, असिंकआयओवर (एकाच थ्रेडमध्ये अनेक कामं हाताळण्याची पायथनची सोय) चालणारी. डोमेनच्या नावावरून पत्ता काढायला (या यंत्रणेलाच डीएनएस म्हणतात) ती आजवर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गेटअॅड्रइन्फोवर अवलंबून होती. त्यात दोन अडचणी होत्या. ते फक्त पत्ते देतं, एमएक्स (डोमेनचे मेल-सर्व्हर), टीएक्सटी (मोकळा मजकूर) आणि टीटीएल (उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं) देत नाही; आणि उत्तर येईपर्यंत एक थ्रेड अडवून ठेवतं. डीएनएसपायथन ही तयार लायब्ररी चांगली आहे, पण बाहेरचं अवलंबित्व घ्यायचं नाही हा आमचा पहिल्यापासूनचा नियम. म्हणून डीएनएसचा प्रश्न बाइटांत बांधणं आणि आलेलं उत्तर उलगडणं हे दोन्ही घरीच लिहायचं ठरलं. कुणी हेच करायला बसलं तर माझे गेलेले तास त्यांचे जाऊ नयेत म्हणून या नोंदी. सगळे बाइट मी दशमान आकड्यांत लिहिले आहेत.

६ जून (३ तास)

आधार एकच धरला : डीएनएसच्या नियमांचा दस्तऐवज आरएफसी १०३५, पॉल मोकापेट्रिस यांचा, नोव्हेंबर १९८७चा. हेडर १२ बाइटांचा असतो, म्हणजे १६ बिटांचे सहा आकडे : ओळख क्रमांक, फ्लॅग्ज आणि चार मोजण्या (प्रश्न किती, उत्तरं किती, अधिकारी नोंदी किती, जादा नोंदी किती). आकड्यांचे बाइट करून देणाऱ्या स्ट्रक्ट मोड्यूलने एका ओळीत बांधला. माझी टेस्ट पास झाली. खऱ्या रिझॉल्व्हरला (नावाचं उत्तर शोधून देणाऱ्या सर्व्हरला) पाठवला तर त्रुटी १, म्हणजे तुमचा संदेश मला कळला नाही.

फॉरमॅटच्या आधी उद्गारचिन्ह घालायचं राहिलं होतं. ते नसलं की स्ट्रक्ट आपल्या मशीनच्या बाइट-क्रमाने लिहितं. मोजणीतला १ हा "० १" असा जायला हवा, तो "१ ०" गेला. पलीकडे वाचलं गेलं की या संदेशात २५६ प्रश्न आहेत. फ्लॅग्जमध्ये "माझ्या वतीने शोध" हे सांगणारा आरडी बिट नाहीसा झाला आणि त्रुटी-क्रमांकाच्या जागी १ जाऊन बसला.

बग पाच मिनिटांत सुटला. पण टेस्ट पास का झाली होती? कारण मी बांधत होते उलटं आणि उलगडतही होते उलटं. एन्कोडरचं आउटपुट डीकोडरला देऊन बघणं ही टेस्टच नव्हे, दोघांची चूक एकच असली की ती दिसत नाही. संध्याकाळी टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पॅकेटं पकडणारं साधन) लावून खरी उत्तरं पकडली आणि फायलींत ठेवली. यापुढे डीकोडरची परीक्षा फक्त त्यांच्यावर.

७ जून (२ तास)

नावाचं बांधकाम. एक्झाम्पल डॉट कॉम हे नाव वायरवर असं जातं :

७ १०१ १२० ९७ १०९ ११२ १०८ १०१ ३ ९९ १११ १०९ ०

टिंबं जातच नाहीत. प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी, शेवटी शून्य. एका तुकड्याला जास्तीत जास्त ६३ बाइट, पूर्ण नावाला लांबीचे बाइट आणि शेवटचं शून्य धरून २५५.

नाव टिंबावर तोडून जोडत गेले. "कॉम" नंतर टिंब असलेलं नाव आलं तेव्हा तोडल्यावर शेवटी एक रिकामा तुकडा उरला आणि एक शून्य जास्तीचं गेलं. मग नावापुढचं सगळं एका बाइटाने सरकतं : प्रकार (कुठली नोंद हवी; १ म्हणजे पत्ता) १ ऐवजी ०, क्लास (१ म्हणजे इंटरनेट) १ ऐवजी २५६, आणि शेवटी एक अनाथ बाइट. शेवटचं टिंब आता आधी काढून टाकते. मध्येच रिकामा तुकडा सापडला, म्हणजे सलग दोन टिंबं आली, तर थेट त्रुटी.

९ जून (अडीच तास)

डीकोडर सुरू. उत्तरात तेच नाव पुन्हा पुन्हा लिहायला नको म्हणून पॉइंटर असतो : लांबीच्या बाइटातले वरचे दोन्ही बिट १ असतील तर उरलेले १४ बिट म्हणजे संदेशातली जागा. "१९२ १२" याचा अर्थ बाराव्या बाइटापासून वाचा. हेडर ० ते ११ असल्यामुळे १२वर प्रश्नातलं नाव असतं, त्यामुळे जवळपास प्रत्येक उत्तरात ही जोडी दिसते.

माझं पकडलेलं उत्तर ४५ बाइटांचं : १२चा हेडर, १७चा प्रश्न, १६चं उत्तर. उत्तर २९व्या बाइटापासून सुरू होतं :

१९२ १२ ० १ ० १ (टीटीएलचे चार) ० ४ (पत्त्याचे चार)

डीकोडरने सांगितलं : प्रकार १, क्लास १, दोन्ही बरोबर. टीटीएल ३२२२०११९०५ सेकंद. भागून पाहिलं तर १०२ वर्षं. पत्त्याची लांबी १ आणि पत्ता फक्त "०".

प्रकार आणि क्लास बरोबर आल्यामुळे मी तासभर टीटीएल वाचणारी ओळ तपासत राहिले. तिच्यात काहीच चूक नव्हती. पॉइंटरवरून १२वर उडी मारली, नाव वाचलं, आणि वाचनाची जागा तिकडेच, २५वर, राहिली. तिथे प्रश्नाचा प्रकार आणि क्लास होता : १ आणि १. उत्तराचेही तेच, म्हणून ते खरे वाटले. पुढचे चार बाइट १९२ १२ ० १, तेच माझ्यासाठी टीटीएल झाले.

दुरुस्ती : पहिला पॉइंटर लागला की त्याच्या पुढची जागा लगेच नोंदवून ठेवायची आणि नाव संपलं की तिथे परतायचं. उड्या कितीही होवोत, परतायची जागा पहिल्या पॉइंटरनंतरची.

११ ते १३ जून (७ तास)

या कामातला सगळ्यात महागडा बग, म्हणून सविस्तर.

एमएक्स नोंद वाचायला घेतली. प्रत्येक नोंदीत आरडेटाची (नोंदीतल्या खऱ्या माहितीची) लांबी दिलेली असते, म्हणून तेवढे बाइट कापून त्या प्रकारच्या फंक्शनला द्यायचे असं मी लिहिलं होतं. कोड नीटनेटका दिसत होता. एमएक्समध्ये "० १० ४ १०९ ९७ १०५ १०८ १९२ १२" असे ९ बाइट आले आणि फंक्शनने हद्दीबाहेरची त्रुटी दिली. मी समजले की पॅकेट अर्धवट आलं असेल, आणि पुढे एसओएकडे (डोमेनची मुख्य माहिती देणाऱ्या नोंदीकडे) गेले.

एसओएवर प्रोग्राम गोठला. त्रुटी नाही, उत्तर नाही, टाइमआउटही नाही. दोन संध्याकाळी मी टाइमआउटचा कोड उकरत बसले, कारण अडकलंय म्हणजे नेटवर्कचीच वाट बघत असणार असं गृहीत धरलं. एक कोअर १०० टक्क्यांवर आहे हे पहिल्याच संध्याकाळी दिसत होतं. नेटवर्कची वाट बघणारा प्रोग्राम प्रोसेसर खात नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी कामावरच्या ताईंना फोन केला आणि फंक्शन वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, पॉइंटर अख्ख्या संदेशातली जागा सांगतोय आणि तू त्याला कापलेल्या तुकड्यात शोधायला लावतेस." मग कागद घेऊन एसओएचा तुकडा लिहिला. आमच्या चाचणीच्या डोमेनमध्ये सर्व्हरचं नाव "एनएस१" ने आणि जबाबदार माणसाचा पत्ता "अॅडमिन" ने सुरू होतो :

३ ११० ११५ ४९ १९२ १२ ५ ९७ १०० १०९ १०५ ११० १९२ १२

शून्यापासून मोजा. तुकड्यातल्या १२व्या जागी काय आहे? १९२ १२. म्हणजे "१२वर जा" हे सांगणारा पॉइंटरच १२वर बसलेला. तो स्वतःकडेच परत पाठवत होता. पॅकेट पूर्ण सरळ होतं, फेरा माझ्या कापण्याने तयार झाला. एमएक्समध्ये तुकडा ९ बाइटांचाच असल्यामुळे तीच चूक त्रुटी होऊन समोर आली होती, आणि मी तिच्याकडे पाठ फिरवली होती.

दुरुस्ती : आता कुठलंही फंक्शन तुकडा घेत नाही. अख्खा संदेश, सुरुवातीची जागा आणि शेवटची जागा, असे तीन आर्ग्युमेंट. नोंद वाचून झाल्यावर वाचनाची जागा आरडेटाच्या शेवटाशी तंतोतंत जुळली पाहिजे, नाही तर त्रुटी. पंधरा ठिकाणी बदल करावा लागला.

१४ जून (३ तास)

माझ्याच चुकीने फेरा तयार होतो, तर कुणी मुद्दाम पाठवला तर? ही भीती पोकळ नाही. २०२१मध्ये नेम:रेक या नावाने चार टीसीपी-आयपी स्टॅकमधल्या (नेटवर्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) नऊ त्रुटी जाहीर झाल्या, त्यांतल्या बऱ्याच नावं उलगडण्याच्या याच कामातल्या होत्या. २०२२चा आरएफसी ९२६७ तर फक्त अशा चुकांवरच आहे. तो आधी वाचला असता तर आठवड्याची मेहनत वाचली असती. तुम्ही आधी वाचा.

पहिली दुरुस्ती केली : पॉइंटरने दाखवलेली जागा पॉइंटरच्या स्वतःच्या जागेपेक्षा मागे असली पाहिजे. स्वतःकडे बोट दाखवणारा पॉइंटर अडला. मग "१ ९७ १९२ १२" हे चार बाइट १२व्या जागी ठेवून पाहिले. पॉइंटर १४वर आहे आणि १२ दाखवतो. १२ हे १४च्या मागे आहेच, नियम पाळला गेला, आणि फेरा चालूच : १२, १४, १२, १४.

बरोबर नियम असा : नव्या उडीची जागा आपण सध्या वाचत असलेल्या तुकडीच्या सुरुवातीपेक्षा मागे हवी. इथे सुरुवात १२ आणि उडीही १२वर, म्हणून नकार. प्रत्येक उडीला सुरुवात मागेच सरकत जाते, त्यामुळे कधीतरी थांबावंच लागतं. शिवाय उलगडलेल्या नावावर २५५ची मर्यादा वेगळी तपासते. आणि लांबीचा बाइट ६४ ते १९१च्या दरम्यान असेल तर तो लांबीही नाही आणि पॉइंटरही नाही, तिथेही त्रुटी.

१६ जून (अडीच तास)

प्रत्येक पकडलेलं पॅकेट एकेक बाइटाने कापून डीकोडरला दिलं. ४५ बाइटांच्या पॅकेटाचे ० ते ४४ लांबीचे ४५ तुकडे. अपेक्षा एकच : प्रत्येक वेळी आमची एकच ठरलेली त्रुटी यावी.

४४ बाइटांवर उत्तर आलं, पत्ता "१९२.०.२". चौथा आकडा गायब, त्रुटी नाही. पायथनमध्ये एक बाइट मागितला आणि तो नसला तर त्रुटी येते, पण काप मागितला आणि तो अपुरा असला तर मुकाट्याने छोटा काप मिळतो. मी पत्त्याचे बाइट टिंबांनी जोडून टाकत होते, म्हणून तीन आकड्यांचा पत्ताही चालून गेला.

आता सगळं वाचन एका "घे" नावाच्या फंक्शनमधून होतं. त्याला मागितले तितके बाइट मिळाले नाहीत तर ते तिथेच थांबतं. ए नोंदीला (आयपीव्ही४ पत्ता) ४ आणि चौपट-ए नोंदीला (आयपीव्ही६ पत्ता) १६ बाइट आहेत का हे वेगळं तपासते.

१८ जून (दीड तास)

प्रकार आणि क्लाससाठी इनम (ठरलेल्याच आकड्यांची यादी, बाहेरचा आकडा आला की त्रुटी) केले होते. उत्तरात क्लास १२३२ आला आणि सगळं उत्तर फेकलं गेलं. ही ओपीटी नोंद, प्रकार ४१. तिच्यात क्लासच्या जागी "मी एवढ्या बाइटांचं यूडीपी पॅकेट घेऊ शकतो" हा आकडा असतो आणि टीटीएलच्या जागी फ्लॅग्ज. ती ११ बाइटांची नोंद मीच प्रश्नात जोडली होती आणि तिचं उत्तर वाचायचं विसरले.

इनम काढले, साधे आकडे ठेवले. ओळखीचे असतील तर नाव दाखवायचं, नसतील तर आकडा आणि कच्चे बाइट जसेच्या तसे. आरएफसी ३५९७ हेच सांगतो. आज प्रकार ६५ नवा वाटतो, उद्या आणखी येतील. न ओळखलेल्या एका नोंदीपायी बाकीचं उत्तर फेकणं वापरणाऱ्यावर अन्याय आहे.

१९ जून (२ तास)

टीएक्सटी. मजकुराच्या सुरुवातीला एक विचित्र अक्षर येत होतं. तो लांबीचा बाइट. टीएक्सटीत एक सलग मजकूर नसतो, तुकडे असतात, प्रत्येकाआधी लांबी आणि कमाल २५५. डीकेआयएमची (मेलवरच्या सहीची) २०४८ बिटांची किल्ली बेस६४मध्ये ३९२ अक्षरांची होते, म्हणजे ती किमान दोन तुकड्यांत येणारच. मी तुकडे जोडताना मध्ये जागा सोडली होती. एसपीएफच्या (डोमेनचा मेल कोण पाठवू शकतं ते सांगणाऱ्या) ओळीत शब्द मध्येच तुटला. जागा न सोडता जोडायचे असतात. लायब्ररी आता तुकड्यांची यादीच देते, जोडायचं काम वापरणाऱ्याचं.

नावांचंही असंच केलं. लेबलमध्ये टिंबाचा बाइट असू शकतो (एसओएतल्या ईमेल पत्त्यात खरोखर असतो), म्हणून आत नाव हे बाइट-तुकड्यांचं टपल आहे. स्ट्रिंग फक्त दाखवण्यापुरती.

२२ जून (५ तास, ₹६००)

यूडीपीवर (एकाच पॅकेटात) उत्तर मावलं नाही की टीसी बिट (उत्तर कापल्याची खूण) लागतो आणि तोच प्रश्न टीसीपीवर (सलग जोडणीवर) विचारायचा असतो. घरच्या राउटरमधला रिझॉल्व्हर टीसीपीवर उत्तरच देत नव्हता, म्हणून महिन्यासाठी एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. खर्च तेवढाच.

टीसीपीवर संदेशाआधी दोन बाइटांत त्याची लांबी असते. पहिली चूक : एकदा रीड केलं की अख्खा संदेश मिळेल असं धरलं. कधी मिळायचा, कधी अर्धा. रीडएक्झॅक्टलीने आधी २, मग तेवढे बाइट, असं केल्यावर हे मिटलं.

दुसरी चूक जास्त वाईट. लांबीचे दोन बाइट न काढता तोच बफर दिला आणि वाचनाची सुरुवात २पासून करायला सांगितलं. हेडर बरोबर आला, मोजण्या बरोबर आल्या, पत्ते बरोबर आले. पण प्रत्येक उत्तराच्या मालकाचं नाव रिकामं. पॉइंटर १२ म्हणजे बफरमधली १२वी जागा, आणि ती संदेशातली १०वी. तिथे जादा नोंदींची मोजणी असते : ० १. पहिला बाइट शून्य, म्हणजे नाव संपलं. डीकोडरच्या नजरेने ते रूटचं, म्हणजे सगळ्यात वरच्या डोमेनचं, पूर्ण वैध नाव होतं, म्हणून कुठेच त्रुटी नाही. दोन बाइट काढून फक्त संदेश दिला की झालं.

ओपीटीतला आकडा १२३२ ठेवला. पॅकेट वाटेत तुटू नये म्हणून २०२०च्या डीएनएस फ्लॅग डेपासून (डीएनएस चालवणाऱ्यांच्या एकत्रित मोहिमेपासून) याचीच शिफारस आहे.

२५ जून (२ तास)

ओळख क्रमांक मी १, २, ३ असा चढता देत होते. डॅन कामिन्स्की यांनी २००८मध्ये खोटी उत्तरं घुसवण्याची जी युक्ती दाखवली त्यानंतर हे चालणार नाही. १६ बिट म्हणजे ६५५३६ शक्यताच, त्याही ओळीने दिल्या तर खोटं उत्तर घुसवणं फार सोपं होतं. क्रमांक आता सीक्रेट्स मोड्यूलमधून (अंदाज न येणारे आकडे देणाऱ्या), प्रत्येक प्रश्नाला नवं सॉकेट म्हणजे नवा पोर्ट, आणि उत्तर स्वीकारण्याआधी पाठवणाऱ्याचा पत्ता, क्रमांक आणि प्रश्न तिन्ही जुळवायचे. नाव जुळवताना इंग्रजी लहान-मोठी अक्षरं सारखी मानायची. न जुळलेलं पॅकेट टाकून द्यायचं आणि वाट बघत राहायचं. त्याला त्रुटी मानलं तर कुणीही एक खोटं पॅकेट टाकून आपला शोध बंद पाडू शकतो.

२८ जून (४ तास)

हा दिवस माझ्या मनाजोगता. शेवटी "भारत" असलेलं देवनागरी डोमेन विचारून पाहिलं. एन्कोडरने ते यूटीएफ-८मध्ये टाकलं, चार चिन्हांचे १२ बाइट, आणि उत्तर आलं त्रुटी ३ : असं नावच नाही. वायरवर हे नाव पनीकोडमध्ये (इतर लिपी साध्या इंग्रजी अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत) जातं, एक्स, एन आणि दोन जोडरेघांनी सुरू होणारं ११ अक्षरांचं रूप.

पायथनमध्ये त्यासाठी आयडीएनए (इतर लिपींतल्या डोमेननावांचे नियम) कोडेक अंगभूतच आहे, तो लावला आणि "भारत" चाललं. मग मराठी शब्द घालून पाहिले. "दऱ्या" हा शब्द र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह), य असा टाइप केला होता. कोडेकमधून जाऊन परत आला तो "दर्या". डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. अंगभूत कोडेक आयडीएनए २००३चा आहे आणि तो झेडडब्ल्यूजे सरळ गाळून टाकतो. २००८च्या नियमांत हलन्तानंतर ते चिन्ह चालतं. हिंदीतल्या नावांना हा फरक क्वचितच जाणवेल, मराठीला "ऱ्य" आणि "ऱ्ह" असल्यामुळे थेट लागतो.

आमच्या एन्कोडरने या भानगडीत पडू नये असं ठरवलं. तो फक्त अॅस्की बाइट घेतो आणि देवनागरी दिलं तर स्पष्ट त्रुटी देतो : आधी २००८च्या नियमांनी रूपांतर करा. चुकीचं नाव गुपचूप विचारण्यापेक्षा हे बरं. ६३ची मर्यादाही रूपांतरानंतरच्या बाइटांवर तपासते, अक्षरांवर नाही.

२ जुलै (४ तास)

टेस्टसाठी खोटा सर्व्हर हवा होता, म्हणून उत्तर बांधणारा भागही लिहिला, पॉइंटरसकट. आधी लिहिलेल्या नावाच्या प्रत्येक शेपटाची (शेवटच्या तुकड्यांची) जागा डिक्शनरीत ठेवायची. दोन ठिकाणी ठेच लागली. आरडेटाची लांबी मी नाव पूर्ण धरून आधीच मोजत होते, पण पॉइंटर लागला की ते आखडतं. आता आधी दोन शून्यं लिहून, आरडेटा लिहून झाल्यावर खरी लांबी तिथे भरते. आणि टीसीपीवरच्या मोठ्या उत्तरात १६३८३च्या पुढची जागा डिक्शनरीत गेली. १४ बिटांत ती मावत नाही, म्हणून तिच्यापुढच्या जागा नोंदवतच नाही. एसआरव्हीच्या (सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदीच्या) नावाला पॉइंटर लावायचा नसतो, तेही इथेच बंद केलं.

बांधलेलं उत्तर आमच्या डीकोडरने वाचलं, पण पहिल्या दिवसाची आठवण ठेवून तेच पॅकेट वायरशार्कमध्येही (पॅकेट उलगडून दाखवणाऱ्या बाहेरच्या साधनात) उघडलं. तिथे सगळी नावं नीट दिसली, तेव्हा मुख्य शाखेत कमिट केलं. एकूण साडेअडतीस तास. सहीची पडताळणी, म्हणजे डीएनएससेक, यात नाही. ते काम पावसाळ्यानंतर.